उन्हाळ्यात लपतात कुठे? रानात दडलेला काल्पनिक समाज रचताना

माझ्या पहिल्या वहीतले रानातले लोक उंच, निमुळत्या कानांचे आणि कायम धुक्यात वावरणारे होते. झाडं बाराही महिने हिरवी. त्यांची वस्ती फांद्यांवर, कपडे शेवाळी रंगाचे, आणि बाहेरच्या माणसाला ते कधी दिसायचे नाहीत. मी खूश होते. दर रविवारी नागपुरात, आमच्या त्रिमूर्ती नगरातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाचेकंपनीला घेऊन मी फाशांवरचा कथाखेळ चालवते. गोष्ट मी सांगते, मुलं त्यातली पात्रं होऊन खेळतात. वीस बाजूंचा फासा, हाताने काढलेला नकाशा, वर भरपूर चिवडा. त्या खेळासाठी हे लोक तयार केले होते.

वही मामाच्या हाती लागली. मामाने जंगल खात्यात जन्म काढला, आता देवलापारजवळ शेती बघतो. दोन पानं वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "काहून वं पोरी, तुये हे लोकं उन्हाळ्यात लपते कुठं? सारं जंगल तं उघडं पडून रायते."

वहीत याचं उत्तर नव्हतं. त्यानंतर मी सगळा समाज मोडून पहिल्यापासून रचला, आणि ज्या क्रमाने रचला तोच क्रम इथे देते आहे. कथा लिहिणाऱ्यांना आणि खेळ चालवणाऱ्यांना, दोघांनाही तो चालेल. माझ्या लोकांचं नाव झेराळ. नदी आटली की वाळूत खड्डा करून पाणी काढतात त्या झिऱ्यावरून ते सुचलं. उदाहरणं त्यांचीच देईन, तुमचे लोक तुम्ही वेगळे करा.

पायरी पहिली: आधी जंगल, मग माणसं

बहुतेकजण उलट करतात. कान, डोळे, शस्त्रं आधी ठरतात, जंगल मागे पडद्यासारखं टांगलेलं राहतं. पण लपणारा माणूस कसा आहे हे लपायची जागा ठरवते.

नागपूरच्या भोवतालचं जंगल कोरडं पानझडी आहे. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, चारोळी, सालई, बिबा, बेहडा, खाली बांबूची रांजी. फेब्रुवारीपासून पानं गळू लागतात आणि एप्रिलमध्ये सागाच्या उतारावर उभं राहिलं तर पलीकडची टेकडी आरपार दिसते. कुलूचं झाड (कोणी कढई म्हणतं) तर पांढऱ्या सालीचं, निष्पर्ण, उन्हात हाडासारखं चमकतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पर्यटक नेमके तेव्हाच सफारीला गर्दी करतात, कारण वाघ पाण्यावर येतो आणि आड यायला पान नसतं. जिथे वाघाला लपता येत नाही, तिथे तुमचे तीनशे लोक कसे लपणार?

सावली राहते ती फक्त नाल्याकाठी. जांभूळ, करंज, अर्जुन यांचा एक हिरवा पट्टा. म्हणजे झेराळांची दोन घरं झाली. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत उतारावर, आणि होळीच्या सुमारास खाली नाल्यात. पण पाणी तिथेच, म्हणून जनावरंही तिथेच आणि बाहेरचे गुराखीही तिथेच. जागा अरुंद, धोका मोठा आणि माणसं एकमेकांच्या अंगावर. वर्षातली भांडणं कधी होतील, हे मला वेगळं ठरवावं लागलं नाही.

आता वही काढा आणि मराठी महिन्यांचं कोष्टक आखा. प्रत्येक महिन्यापुढे तीन रकाने: डोळा, कान, पोट. डोळा म्हणजे किती लांबचं दिसतं, कान म्हणजे किती लांबचं ऐकू येतं, पोट म्हणजे खायला काय मिळतं.

पोटाचा रकाना सगळ्यात सोपा. चैत्रात मोह गळतो. वैशाखात तेंदूची फळं आणि चारोळी. पाऊस लागला की सात्या (रानातली अळंबी) निघतात आणि बांबूचे कोंब, म्हणजे आपल्याकडचे वास्ते. पुढे आवळा, मग बोरं. आईला किंवा आजीला विचारलंत तर तुमचा रकाना माझ्यापेक्षा चांगला भरेल.

कानाचा रकाना मात्र बसून भरता येत नाही. मार्चमध्ये मी भाच्याला मामाच्या शेतामागच्या सागातून चालायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून बसले. सागाचं वाळलेलं पान म्हणजे भाजलेला पापड. ऐंशी पावलांवरूनही त्याचा पाय पडलेला ऐकू येत होता. ऑगस्टमध्ये त्याच जागी तोच पोरगा बारा पावलांवर आला तेव्हा कुठे मला चाहूल लागली. हा प्रयोग जरूर करा. अंबाझरीच्या बाजूला, गोरेवाड्याच्या पायवाटेवर, कुठेही वाळलेली पानं असतील तिथे जमतो. माझ्या लोकांच्या अर्ध्या चालीरीती त्या दोन आकड्यांतून निघाल्या.

उदाहरणार्थ, झेराळ फाल्गुन ते ज्येष्ठ पानांवर पाय ठेवत नाहीत. नाल्याची वाळू, खडक, आडवी पडलेली खोडं, एवढ्यावरूनच चालायचं. पोर पहिल्यांदा न वाजता वस्तीपासून पाण्यापर्यंत गेलं की त्याला मोठ्यांच्या पंगतीत बसवतात. मुंज म्हणा, काही म्हणा.

पायरी दुसरी: लपण्याचं कारण आणि त्याचा खर्च

"ते स्वभावानेच लाजाळू होते" हे कारण चालत नाही. एखादा माणूस स्वभावाने लाजाळू असेल, पिढ्यान्‌पिढ्या अख्खा समाज कसा असेल?

अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटाचं उदाहरण घ्या. बाहेरच्यांवर बाण सोडणारे म्हणून ते लोक प्रसिद्ध आहेत. पण १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. दोघं म्हातारे आजारी पडून मेले, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. ती मुलं सोबत कोणता आजार घेऊन परतली असतील, याचा विचार करून बघा. पुढे जानेवारी १९९१ मध्ये मानववंशशास्त्र सर्वेक्षणाच्या पथकाकडून त्यांनी पाण्यात उतरून नारळ घेतले. त्या पथकात मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. म्हणजे दार कायमचं बंद नव्हतं. ते कधी आणि कोणासाठी किलकिलं होतं, हा खरा प्रश्न आहे.

कारणं साधारण चार प्रकारची सापडतात: साथीचा रोग, वेठबिगार आणि सारा, जुनी कत्तल, किंवा देवाला दिलेला शब्द. एकच निवडा, फार तर दोन. झेराळांसाठी मी रोग घेतला. सहा पिढ्यांपूर्वी बाजारातून आलेल्या एका घोंगडीबरोबर देवी आली आणि सातातली एक वस्ती उरली, असं ते सांगतात. म्हणून ते बाहेरच्याचा द्वेष करत नाहीत, त्याच्या श्वासाला भितात. हा फरक खेळात फार कामाला आला. द्वेष करणारा बाण मारतो, भिणारा वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो.

मग खर्च मांडा. जंगल बरंच देतं, पण मीठ देत नाही. लोखंडाचं काय? ते जंगलात होऊ शकतं. पेंच नदीकाठच्या नैकुंडच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडलेली आहे, आपल्या नागपूर जिल्ह्यातच. पण भट्टी म्हणजे धूर, कोळसा, तोडलेली झाडं. लपणाऱ्याला परवडत नाही. तेव्हा मीठ आणि लोखंड दोन्ही बाहेरून.

आणि सोयरीक. इथे गणित करा, लाजू नका. झेराळ तीनशे. झिरे चार, म्हणजे चार कुळं, प्रत्येकी पंचाहत्तर माणसं. बापाच्या आणि आईच्या झिऱ्यात लग्न चालत नाही, म्हणजे दोनच झिरे उरले. लग्नाच्या वयाचे, बिनलग्नाचे मुलगे एका झिऱ्यात पाच धरा. मुलीपुढे एकूण दहा मुलगे. त्यातून नात्यातले वगळा, ज्यांच्या घराशी भांडण आहे ते वगळा, आणि मुलीला जो आवडत नाही तो वगळा. तीन उरले तरी नशीब. अशा समाजाला अधूनमधून बाहेरचा माणूस लागतोच. झेराळांत एका पिढीत एक "आणलेला" असतो. तो कसा आणतात, त्याला परत जाऊ देतात का, त्याच्या पोरांचा झिरा कोणता? माझ्या खेळाची तीन सत्रं एवढ्यावर चालली.

पायरी तिसरी: मिठाचा दगड

सगळ्या लेखातून एकच पायरी करायची असेल तर ही करा. न भेटता व्यवहार कसा होतो ते ठरवा.

ही पद्धत जगात जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या एका किनाऱ्यावर माल मांडून जहाजावर परतायचे आणि धूर करायचे. तिथले लोक येऊन मालाशेजारी सोनं ठेवायचे आणि दूर जायचे. सोनं कमी वाटलं तर व्यापारी पुन्हा जहाजावर जाऊन बसायचे. दोन्हीकडचं समाधान होईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. पाचव्या शतकातला चिनी प्रवासी फाहियान यानेही सिंहलद्वीपाबद्दल असंच नोंदवलंय, फक्त तिथे न दिसणारे व्यापारी यक्ष-नाग असल्याचं त्याला सांगण्यात आलं होतं. हे वाचल्यावर मला आपल्याकडची चारोळी आठवली. मिठाच्या बदल्यात वजनाला वजन चारोळी घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल जुनी माणसं आजही कडवटपणे बोलतात.

झेराळांचा दगड रानाच्या कडेला, एका जुन्या ऐनाखाली आहे. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अमावास्येच्या आदल्या दुपारी बाहेरच्या गावातली एक बाई येते, नेहमी तीच, कारण माणूस बदलला की व्यवहार बंद. ती पळसाच्या पानावर मिठाचे खडे ओतते, पानाचं टोक रानाकडे करते आणि पाठ न फिरवता वीस पावलं मागे जाते. मग बसते. पाखरं गप्प झाली की तिला कळतं, कोणीतरी आलंय. ती मान खाली घालते. नजर वर करायची नाही हा तिच्या सासूने दिलेला धडा. बऱ्याच वेळाने पाखरं पुन्हा बोलू लागतात. दगडावर पानांचा द्रोण, त्यात चारोळी. कमी वाटली तर तिने मिठाचं पान उलटं करायचं, पांढुरका तळ वर. पुरेशी वाटली तर चारोळी उचलून तो द्रोण मोडून टाकायचा. मोडलेला द्रोण म्हणजे पावती.

एकदा आमच्या खेळात भाचीने, वय वर्षं बारा, मिठाशेजारी स्वतःच्या मनाने एक काचेची बांगडी ठेवली. बदल्यात काही मागितलं नाही. मी तासभर विचार करत होते, झेराळ काय करतील? नियमात भेट हा प्रकारच नव्हता. शेवटी त्यांनी बांगडी तिथेच ठेवली आणि तीन महिने दगडावर आले नाहीत. भाचीला रडू आलं. माझा मात्र समाज त्या दिवशी जिवंत झाला.

तुमच्या दगडासाठी एवढं ठरवा: कोण येतं, कधी येतं, नकार कसा दिसतो, फसवणूक झाली तर काय, आणि नियमाबाहेरचं काही घडलं तर काय.

पायरी चौथी: बोली

पूर्ण भाषा रचायच्या भानगडीत पडू नका. एक नियम घ्या आणि तो शेवटपर्यंत पाळा. झेराळांच्या बोलीत ओष्ठ्य वर्ण नाहीत. प, फ, ब, भ, म गेले, सोबत व सुद्धा गेला. लांबून बघणाऱ्याला ते बोलताहेत हे कळू नये म्हणून ओठ मिटत नाहीत, असं त्यांचं कारण. (ओ आणि ऊ ला ओठ गोल होतात, तेवढं मी चालवून घेते.) हे अगदीच हवेतलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक भाषेत मूळचे प, ब, म हे उच्चार नाहीत.

नियम लावून बघायचा तर मराठीतच बघा. "तू आज नदीकडे जाऊ नको" हे वाक्य झेराळ तसंच्या तसं बोलू शकतो. आई, आजी, काका, आत्या टिकतात. बाबा, मामा, मावशी, भाऊ, बहीण सगळे गळतात. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आमाले बोलावतच नाही का कोणी?" मग मी झेराळांत आईच्या भावाला हाक न मारण्याची रीत घातली. भाचा समोर येऊन उभा राहतो, एवढंच. त्यातून एक सुंदर अदब तयार झाली, ती मामाच्या टोमण्यामुळे.

न उच्चारायचे शब्द ही दुसरी खाण. त्यासाठी लांब जायला नको. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. रात्री सापाला जनावर म्हणतो. दिवेलागणीनंतर मीठ उसनं देत नाही. तुमच्या समाजाला काय म्हणवत नाही, ते शोधा. झेराळ "दिसला" म्हणत नाहीत, "सांडला" म्हणतात. "काल एक झेराळ सांडला" म्हणजे बाहेरच्या कोणाच्या तरी नजरेला पडला.

हाका मारण्यासाठी शिट्टी चालेल. कॅनरी बेटांतल्या ला गोमेरावर दऱ्या ओलांडून शिट्टीने बोलतात, आणि मेघालयातल्या काँगथाँग गावात आई प्रत्येक मुलाला स्वतःची धून देते, तीच त्याची हाक. फक्त एक सावधगिरी: आपल्या जंगलात आवाजाचा अर्थ लावणारे फार आहेत. सांबर ओरडलं, वानराने खोकल्यासारखा इशारा दिला की गाइड जिप्सी वळवतो. टिटवी तर कोणालाच सोडत नाही. तुमच्या लोकांची शिट्टी पाखरांना खोटी वाटली तर पाखरंच चहाडी करतील.

शब्द कुठून घ्यायचे? खऱ्या गोंडी, कोरकू, माडिया शब्दांना हात लावू नका. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली नावाची भाषा बोलतात. ती गोंडीसारखी द्राविडीही नाही आणि कोरकूसारखी मुंडाही नाही, कोणत्याच कुळात बसत नाही. तिचे बोलणारे थोडेच उरलेत. अशा भाषेतले चार शब्द उचलून आपल्या जादूगाराच्या तोंडी घालणं मला चोरी वाटते. तेच देवांचं. गोंडांत देवांच्या संख्येवरून कुळं ठरतात, सारख्या देवांच्या घरांत लग्न होत नाही. असा नियम समाजात काय काम करतो ते समजून घ्या आणि मग स्वतःचा नियम करा. मी देवांऐवजी झिरे घेतले. घोटुलबद्दल (गोंड-मुरियांच्या तरुण मुलामुलींचं एकत्र जमायचं घर) तर बाहेरच्यांनी इतकं चवीचवीने लिहिलंय की त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. पिसं, कवट्या, मशाली नाचवणं हेही सोडा.

पायरी पाचवी: जन्म, लग्न, मरण

पहिल्या मसुद्यात मी झेराळांना वैशाखी पौर्णिमेला ढोलाचा मोठा सण दिला होता. खेळात मोठ्या भाच्याच्या पात्राने काय केलं? ढोलाच्या दिशेने चालत गेला आणि अर्ध्या तासात वस्तीत पोचला. सहा पिढ्यांचं गुपित संपलं. फासासुद्धा टाकावा लागला नाही. कानाचा रकाना मीच आखला होता आणि मीच विसरले.

तेव्हापासून नियम: प्रत्येक विधी कोष्टकावर ठेवून तपासायचा. आपली लग्नसराई उन्हाळ्यात, त्यांचा उन्हाळा मौनाचा. म्हणून झेराळांची लग्नं श्रावणात, झडीच्या पावसात, जेव्हा शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. नवरी चिंब, नवरा चिंब, अंगभर चिखल. आपल्याला हळद, त्यांना चिखल. जन्मावर मी फार वेळ घालवला नाही. उन्हाळ्यात होणाऱ्या बाळासाठी बाईला धबधब्यामागच्या कपारीत नेतात, पण धबधबा उन्हाळ्यात आटलेला असतो, हे मामाने दाखवून दिलं. ते अजून तसंच आहे.

मरणापाशी मात्र थांबा. "मेलेल्याच्या नावाने झाड लावतात" ही सगळ्यांना सुचणारी कल्पना आहे. सुचली की खोडा. आधी विचारा, खूण राहावी असं त्यांना वाटतं की राहू नये? काटोल रोडवर जुनापाणीला जाऊन या. नागपूरपासून फार लांब नाही. सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत तिथे, लोहयुगातल्या माणसांची दफनं. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची नोंद केली. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. त्या वर्तुळात उभं राहिलं की एक गोष्ट स्पष्ट कळते: या लोकांना आपले मेलेले दिसत राहायला हवे होते. माझ्या लोकांना ते परवडत नाही.

झेराळ प्रेत नाल्याकाठच्या मऊ मातीत पुरतात, वर पानं पसरतात आणि जागा विसरायचा नियम आहे. ते जमलं. अडलं ते रडण्यापाशी. चैत्रात कोणी गेलं तर? उघड्या जंगलात रडणं किती लांब जाईल? ऐंशी पावलांचा पोरगा माझ्या डोक्यात होताच.

म्हणून उन्हाळ्यात मेलेल्यासाठी झेराळ रडत नाहीत. पुरतात, हात धुतात, कामाला लागतात. ज्याचं माणूस गेलं तो डाव्या मनगटावर सालीचा दोर बांधतो, म्हणजे बाकीच्यांना कळतं की याचं रडणं बाकी आहे. त्याच्याशी कोणी मोठ्याने बोलत नाही, त्याला ओझं उचलू देत नाहीत. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला, आभाळ गडगडू लागलं की सगळे उतारावर चढतात. दोर सोडतात. चार महिन्यांचं रडणं एका रात्रीत. तिला ते रडरात म्हणतात. ज्यांचं कोणी गेलेलं नाही तेही रडतात, मागच्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं. पाऊस लांबला तर दोर बांधलेली माणसं आजारी पडू लागतात आणि वस्तीत कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. दुष्काळाचं भय त्यांना धान्याआधी या गोष्टीचं आहे.

पार्किंगमध्ये ही रात्र खेळवली तेव्हा बाहेर कूलर घरघरत होता, पाऊस वगैरे काही नव्हता. मी मोबाइलवर पावसाचा आवाज लावला. भाचीच्या पात्राची आई चैत्रात गेली होती. तिने रबरबँड मनगटातून काढला, टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. चिवड्याला कोणी हात लावला नाही.

पायरी सहावी: कामातून निघालेल्या रीती

घर, कपडे, जेवण यांची लांबलचक वर्णनं वाचकाला नको असतात. रोजच्या कामातली एक अडचण घ्या आणि तिच्यावरचा उपाय पिढ्या गेल्यावर रीत झालेला दाखवा.

मोहाचं बघा. फुलं पहाटे गळतात, मऊ, फिकट, गोड वासाची, आणि पालापाचोळ्यात हरवतात. बाहेरच्या गावांत झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, त्यातून वणवेही लागतात. झेराळांना जाळता येत नाही, म्हणून ते फडा घेऊन झाडतात. पण झाडलेलं स्वच्छ वर्तुळ लांबूनही ओळखू येतं. म्हणून वेचणी झाली की पोरांनी पाला परत पसरायचा. पसरताना पान सुलटं-उलटं मिसळायचं, कारण वाऱ्याने पडलेली पानं एका बाजूने नसतात. आता हे इतकं मुरलंय की झेराळ घरातून बाहेर पडताना दारात मूठभर पाला टाकतात, घर रानाच्या आत कितीही खोल असलं तरी. का, असं विचारलं तर सांगतात, "आजी टाकायची."

धुराचं एवढंच लिहिते: उन्हाळ्यात दिवसा चूल नाही. भाजलेलं, वाळवलेलं, भिजवलेलं खायचं. मोहाची दारू गाळायची ती हिवाळ्यातल्या धुक्याच्या पहाटे.

पायरी सातवी: भांडण कसं मिटतं

ज्या समाजात सगळे एकमताने शांत बसलेत तो समाज खोटा. कोणाला तरी बाहेर जायचंच असतं. प्रश्न असा की नियम मोडणाऱ्याचं काय करायचं. हाकलून द्यायचं? मग तो बाहेर जाऊन सगळं सांगेल. लपलेल्या समाजाला हद्दपारी परवडत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. वाळीत टाकणं ही आपल्याकडची खरी, अजून न भरलेली जखम आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. म्हणून ते रम्य करून लिहू नका. लिहायचंच तर ज्याला टाकलंय त्याच्या बाजूने लिहा.

निर्णयाची पद्धत शोधताना मला गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचा उपयोग झाला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक, आणि तिथे ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एक जण जरी नाही म्हणाला तरी चर्चा पुढे चालू. लपलेल्या समाजाला हे फार शोभतं, कारण नाराज राहिलेला एक माणूस पुरेसा असतो गुपित फोडायला. झेराळांची बैठक म्हणून रात्र रात्र चालते, कुजबुजत, आणि फार कंटाळवाणी असते. एका सत्रात मी ती खरोखर कंटाळवाणी होऊ दिली. मुलांनी जांभया दिल्या, पण कोणाचंही मत टाळता येत नाही हे त्यांना न सांगता कळलं.

पायरी आठवी: बाहेरचा माणूस आत सोडा

सगळं झालं की एक हुशार, चिवट माणूस जंगलात पाठवा. वाट काढणारा, सरकारी मोजणीदार, हरवलेलं पोर शोधणारा बाप, कोणीही. त्याला बारा महिन्यांपैकी प्रत्येक महिन्यात एकदा पाठवा आणि कोष्टकातले डोळा-कान बघून लिहा: तो काय बघेल, काय ऐकेल, कशावर पाय ठेवेल. जिथे तुमचे लोक सापडतात तिथे एकतर नवी रीत लागेल किंवा नवी गोष्ट सुरू होईल. रीतच लावली पाहिजे असं नाही.

मी ही सगळी परीक्षा पार करून नवी वही मामाकडे नेली. जुलैचा महिना होता, उद्यानाचे गेट बंद झालेले, त्याला वेळच वेळ. त्याने रडरातीचं पान दोनदा वाचलं. काही बोलला नाही, चहा प्यायला. मग उठून मला शेताच्या बांधावर घेऊन गेला. रात्रभर पाऊस पडून गेलेला. ओल्या काळ्या मातीत रानडुकराचे ठसे, एका मोराचे, आणि माझ्या चपलेचे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्पष्ट.

"उन्हाळ्यात लपले तुये लोकं," तो म्हणाला. "मंग आता?"

तेव्हापासून मी पानांच्या चपला, दगडाच्या वाटा आणि पाठमोरं चालणं यावर तीन पानं लिहिली आणि तिन्ही फाडली. सध्याचा बेत असा आहे की झेराळ पावसाळ्यात गव्यांच्या कळपामागून चालतात.

मामाचं म्हणणं, गवा ऐकून घेणार नाही.